फोर्डसाहेबांचं रिकरिंग

तर झालं असं, की गेल्या शनिवारी माझा मावसभाऊ पेढे घेऊन घरी आला. त्याला हिंजवडीत नोकरी लागून दोन महिने झालेत, प्रोबेशन चालू आहे. पेढ्यांच्या बॉक्सखाली एका शोरूमचं कोटेशनही होतं.

"दादा, सहा लाख लोन, सात वर्षं, हप्ता साडेनऊ हजार. बँक द्यायला तयार आहे. घेऊ का?"

आता हा प्रश्न त्याने मला विचारावा म्हणजे कमालच. २०१९ साली पहिली नोकरी लागल्यावर मी अगदी हेच केलं होतं. तेवढीच रक्कम, तेवढीच वर्षं, ९ टक्के व्याज. हातात पगार येत होता एकतीस हजार. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. पण त्याला उत्तर द्यायच्या आधी मी आपला नेहमीचा धंदा केला, म्हणजे वीकांत खर्ची घालून हा गाडीचा हप्ता आला कुठून ते वाचत बसलो. (बायको म्हणाली, त्यापेक्षा गाडी धू.)

माझी समजूत अशी होती, की ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत अशा माणसाच्या सोयीसाठी कुणीतरी हप्ता शोधून काढला असणार. प्रत्यक्षात भानगड वेगळीच आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गाडी हा मोसमी माल होता. बहुतेक गाड्या उघड्या, रस्ते कच्चे. हिवाळ्यात बर्फात आणि चिखलात गाडी घेणार कोण? लोक खरेदीला यायचे वसंतात आणि उन्हाळ्यात. पण कारखाना असा चार महिने चालू आणि आठ महिने बंद ठेवता येत नाही. कामगार निघून जातात, यंत्रं पडून राहतात. मग कंपन्या बारा महिने गाड्या बनवायच्या आणि डीलरच्या गळ्यात मारायच्या, तेही रोख पैसे घेऊन. डीलर बिचारा हिवाळाभर गोदामात गाड्या घेऊन बसणार. त्यासाठी त्याला पैसा हवा, आणि बँका या चैनीच्या वस्तूवर कर्ज द्यायला नाक मुरडायच्या. ही अडचण सोडवायला फायनान्स कंपन्या आल्या. त्या डीलरला माल उचलायला पैसे द्यायच्या, आणि गिऱ्हाइकाला हप्त्याने गाडी विकली की ते हप्त्याचे कागदही विकत घ्यायच्या. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतःचीच अशी कंपनी काढली, जीएमएसी. साधारण रीत अशी, की एक तृतीयांश रोख भरा, बाकीचे वर्षभरात फेडा, गाडी आजच घेऊन जा.

म्हणजे हप्ता जन्माला आला तो गोदाम रिकामं करण्यासाठी. तुमची-आमची सोय झाली हा बायप्रॉडक्ट.

आणि आता या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र, हेन्री फोर्ड. (माणूस म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पुन्हा कधीतरी.) फोर्डला कर्जाचा मनापासून तिटकारा होता. त्याचं म्हणणं असं, की गाडीच इतकी स्वस्त करतो की कर्ज काढायची वेळच येणार नाही. ते त्याने बरंचसं करूनही दाखवलं. १९०८ मध्ये मॉडेल टी ८५० डॉलरला होती, १९२५ च्या सुमारास ती ३०० च्या खाली आली. तरी लोक हप्त्यावाल्यांकडे जाताहेत म्हटल्यावर १९२३ मध्ये त्याने स्वतःची योजना काढली. गिऱ्हाइकाने दर आठवड्याला पाच डॉलर भरायचे. डीलर ते बँकेत ठेवणार, वर व्याजही मिळणार. पूर्ण किंमत जमली की गाडी घरी.

थोडक्यात, रिकरिंग डिपॉझिट!

तीनशे डॉलरच्या गाडीसाठी साठ आठवडे. समोरच्या शोरूममध्ये जनरल मोटर्सवाला म्हणतोय, शंभर एक डॉलर टाका आणि आज संध्याकाळी बायकोला फिरवून आणा. कोण जिंकलं असेल हे सांगायला एमबीए लागत नाही. दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर चारांतल्या साधारण तीन गाड्या हप्त्यावर जात होत्या. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली. (त्याला एकटा हप्ता कारणीभूत नव्हता, गाडीही जुनाट झाली होती.) आणि १९२८ मध्ये फोर्ड कंपनीने मुकाट्याने स्वतःची फायनान्स कंपनी काढली.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, चला, मावसभावाला हिरवा कंदील. फोर्ड हरला, विषय संपला. पण विषय १९२९ मध्ये संपत नाही.

त्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि १९३० मध्ये अमेरिकन माणसाने खर्च एकदम आखडला. का आखडला यावर अर्थशास्त्रज्ञांचे ढीगभर वाद आहेत. त्यात मार्था ओल्नी या अभ्यासक बाईंचं उत्तर मला फार पटलं. त्या काळच्या करारात हप्ता चुकला की गाडी ओढून नेत, आणि तोपर्यंत भरलेले सगळे पैसे बुडत. बारा हप्त्यांतले दहा भरलेत आणि अकरावा राहिला? गाडीही गेली आणि दहा हप्तेही. अशा माणसाची नोकरी डळमळीत झाली तर तो काय करेल? हप्ता भरेल, आणि बाकी सगळं कापेल. कपडे, सामानसुमान, जे कापता येईल ते. हप्ते बुडवणारे फार थोडे निघाले. पण लाखो घरांनी एकाच वेळी दुकानात जाणं कमी केलं, त्यामुळे दुकानं बसली आणि त्या दुकानांना माल पुरवणारे कारखानेही. मंदीला हप्त्यांनी जन्म दिला असं कुणी म्हणत नाही, पण १९३० ची घसरण खोल करण्यात त्यांचा हात होता असं ओल्नीबाईंचं म्हणणं.

हे वाचताना मला २०२० चा एप्रिल आठवला. गाडी घेऊन जेमतेम दहा महिने झाले होते. लॉकडाऊन लागला, कंपनीने पगारात तीस टक्के कपात केली. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी, तिच्यावर बदामाची पानं पडलेली, आणि दर पाच तारखेला खात्यातून ९,६५३ रुपये वजा. रिझर्व्ह बँकेने तेव्हा मोरेटोरियम दिलं होतं, आधी तीन महिने, मग वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत. म्हणजे हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. मी पाच हप्ते थांबवले. नंतर बँकेचं नवीन शेड्यूल आलं तेव्हा वाटलं की काहीतरी बग आहे, म्हणून स्वतः एक्सेलमध्ये मांडून पाहिलं. बग नव्हता. पाच हप्ते थांबवल्याने कर्ज संपायची तारीख नऊ महिने पुढे गेली होती. साचलेल्या व्याजाने आणखी चार हप्ते जन्माला घातले होते. (त्या वर्षाअखेरीस सरकारने व्याजावरचं व्याज परत केलं. माझ्या वाट्याला आले काही शे रुपये.) तेव्हा मी काय कापलं? मित्राच्या लग्नाला नागपूरला गेलो नाही. 'कोविडमुळे' असं कळवलं. त्याला अजून खरं कारण माहीत नाही, आणि तो हे वाचत असेल तर आज कळेल. सॉरी रे.

आपल्याकडे ही गोष्ट बराच काळ उलटी चालली होती. आजोबांनी चेतक बुक केली तेव्हा बाबा सातवीत होते. मिळाली तेव्हा ते डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. परवान्यांच्या त्या काळात कारखान्यांना किती बनवायचं तेही सरकार सांगायचं. त्यामुळे गोदामात माल पडून राहायचा प्रश्नच नव्हता. पडून राहायची ती गिऱ्हाइकं. १९८३ मध्ये मारुतीने बुकिंग उघडलं, तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये आधी भरले, न पाहिलेल्या गाडीसाठी. म्हणजे गिऱ्हाइकानेच कंपनीला पैसे वापरायला दिले! फोर्डची योजना अमेरिकेत आपटली, आणि तिचा चुलत भाऊ आपल्याकडे लायसन्सराजने सक्तीने चालवून दाखवला.

कर्ज अगदीच नव्हतं असं मात्र नाही. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या हट्टाने त्यांनी फियाट घ्यायचं ठरवलं, ही हकीकत त्यांच्या मुलांनी सांगितली आहे. गाडी बारा हजारांची, खात्यात सात हजार. उरलेल्या पाच हजारांचं कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून काढलं. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये ते गेले तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट नेहमी साधेपणाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र या वेळी त्यात पगार बंद झाल्यावर उरलेला हप्ता दिसला.

असो. रविवारी रात्री मावसभावाला फोन केला आणि आकडे सांगितले. सहा लाख, सात वर्षं, ९ टक्के: हप्ता ९,६५३, एकूण परतफेड आठ लाख अकरा हजार. आता हे बघ. तीन लाख, तीन वर्षं, तोच व्याजदर: हप्ता ९,५४०. जवळपास तेवढाच! व्याज दोन लाख अकरा हजारांऐवजी त्रेचाळीस हजार. वरचे तीन लाख आधी साठवायला, दरमहा ९,६०० च्या हिशेबाने, एकतीस महिने. म्हणजे साठवणं आणि फेडणं मिळून साडेपाच वर्षांत मोकळा.

"पण एकतीस महिने गाडी नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आणि तोवर गाडीची किंमत वाढणार."

"वाढणार." हे खरंच आहे, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय त्याचं ऑफिस बावीस किलोमीटर, त्यात पुण्याचा पाऊस. गाडीमुळे मावशीला दवाखान्यात नेणं सोपं होईल हेही त्याने सांगितलं. माझ्या गाडीने मला आनंद दिला नाही असंही मी म्हणू शकत नाही. २०२४ मध्ये बोनस आल्यावर मी कर्ज फोरक्लोज केलं, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत दोन चकरा मारल्या आणि आरसीवरचं बँकेचं नाव काढलं. त्या दिवशी मी गाडी धुतली होती!

शेवटी ठरलं ते एवढंच, की प्रोबेशन संपेपर्यंत, म्हणजे अजून चार महिने, त्याने ९,६०० रुपये रिकरिंगमध्ये टाकायचे, गाडी आलीच आहे असं समजून. एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर ती कोटेशनवर सही करायच्या आधी कळलेली बरी.

"म्हणजे फोर्डचं ऐकू?"

"चार महिने ऐकून बघ."

काल त्याचा मेसेज आला, पहिले ९,६०० टाकले म्हणून. खाली दुसरी ओळ होती: "दादा, रविवारी तुझी गाडी मिळेल का? ताम्हिणीला जायचंय."