पुलगाव–आर्वी : कापसाच्या वाटेवरची छोटी गाडी

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा नॅरोगेज लोहमार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची होती. ही कंपनी मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने उभी केलेली. गाड्या चालवण्याचे काम मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडे होते. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर हे वऱ्हाडातले दोन मार्गही याच कंपनीचे. लोकांनी त्या मार्गांवरच्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले आणि आर्वीच्या गाडीलाही तेच नाव चिकटले.

या छोट्या मार्गाचे मूळ मोठ्या मार्गात आहे. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला होता आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. जिल्हा, त्याचे मुख्य ठाणे आणि त्याची रेल्वे ही एकाच दशकाची लेकरे आहेत. तो काळही कापसाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडून कापूस मिळेनासा झाला आणि हिंगणघाट, आर्वीच्या काळ्या जमिनीकडे व्यापाऱ्यांचे डोळे वळले. वर्धा नदीकाठचे पुलगाव मुख्य मार्गावरचे स्टेशन झाले, पुढे तिथे कापडगिरणीही आली. आर्वी मात्र आडबाजूला राहिली. तिकडचा कापूस बंड्यांनीच पुलगावला यायचा. या मातीत पाऊस पडला की बंडीची चाके आसापर्यंत रुततात, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

अडीच फुटी रूळ निवडण्यामागे हिशेब होता. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, रूळ हलके चालतात, वळणे आवळून घेता येतात आणि पूलही लहान बांधले तरी भागते. एका तालुक्याच्या कापसावर ब्रॉडगेजचा खर्च निघाला नसता. सोरटा, विरूळ, रोहणा अशी गावे या स्वस्त रेल्वेनेच मुख्य मार्गाशी जोडली.

स्वस्ताईची किंमत पुलगावला चुकवावी लागे. छोट्या वाघिणी मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाहीत. म्हणून आर्वीहून आलेली प्रत्येक गाठ पुलगावला उतरवायची आणि मुंबईकडच्या वाघिणीत पुन्हा भरायची. बंडीला पर्याय नव्हता तोवर ही बदली खपून गेली. मालमोटारी आल्यावर आर्वीच्या जिनिंग-प्रेसिंगच्या दारात भरलेला माल थेट गिरणीच्या दारात उतरू लागला. देशभरच्या अनेक नॅरोगेज मार्गांचा धंदा अशा बदलीपायी मोडला. गाडीच्या मंद गतीला नावे ठेवली जातात, पण दुखणे गतीपेक्षा बदलीचे अधिक होते.

अशी गाडी ओढणारे वाफेचे इंजिन समजायला सोपे, सांभाळायला अवघड. भट्टीत कोळसा पेटतो, गरम वायू नळ्यांतून जाऊन बॉयलरमधले पाणी तापवतात, दाबाखालची वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दांड्यांमार्फत चाके फिरतात. थंड इंजिनात वाफ धरायला काही तास लागतात, त्यामुळे सकाळच्या गाडीसाठी शेडमधली माणसे रात्रीच कामाला लागत. कोळसा कुठे पातळ पसरायचा, चढ येण्याआधी किती भरायचा, हे फायरमन हाताने शिकत असे, आणि त्या शिक्षणाची वही कोणी लिहिली नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी वर्गाचे इंजिन १९२३ पासून धावत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन लावण्यात आले. एका यंत्राने सत्तर वर्षे रोजची चाकरी करावी, हे त्याच्या कारागिरांइतकेच शेडमधल्या फिटरांचेही श्रेय आहे.

पुढे पुलगाव–आर्वी मार्गावरची गाडी थांबली. पुलगावची कापडगिरणीही आज बंद आहे.

असा मार्ग मेल्यावर जपायचे काय, याची दोन उत्तरे जगात दिली गेली आहेत. एक वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेचे. पाटीचा दगड वाहणारा हा अरुंद मार्ग खाण बंद पडल्यावर मोडीत निघणार होता. १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी तो चालवायला घेतला आणि स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून तो ओळखला जातो. आर्वीचा कापूस आणि तिथला दगड, दोन्ही मार्ग एकेका मालासाठी जन्मलेले. दुसरे उत्तर संग्रहालयाचे. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडले. वर्ध्याहून ते फार लांब नाही आणि मुलांना घेऊन जाण्याजोगे आहे. पण उभे इंजिन म्हणजे अर्धाच वारसा. त्याला आग, पाणी आणि माणूस लागतो. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये अशी चालती इंजिने अजून राखली आहेत, तर १९०७ ची माथेरानची गाडी डिझेलवर का होईना, आपल्या मूळ मार्गावर धावते.

आर्वीकरांची मागणी वेगळी आहे. त्यांना शोभेची नव्हे, कामाची गाडी हवी, म्हणून ते ब्रॉडगेज मागतात. ती मागणी रास्त आहे. जुना मार्ग रुंद करताना एखादे स्टेशन, थोडे रूळ आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी राखून ठेवल्या, तर दोन्ही गोष्टी साधतील. इमारत नंतरही डागडुजी करून उभी करता येते. फायरमनची आठवण मात्र त्याच्या हयातीतच लिहून घ्यावी लागते.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. आर्वीची वाट मात्र अजूनही रस्त्यानेच आहे.