हरितगृह वायू (मेढा व जावळी परिसर)

सूर्यप्रकाश आत येऊ देणारे, पण तापलेल्या जमिनीतून परत निघणारी अवरक्त उष्णता अडवणारे वातावरणातील वायू. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे त्यांतील प्रमुख. ते मुळीच नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे 18° से.च्या आसपास राहिले असते. तक्रार आहे ती त्यांच्या वाढीची. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. आता ते 420 वर गेले आहेत, मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे.

सातारा जिल्ह्यातील वेण्णाकाठच्या मेढा परिसरात डोळ्यांत भरतो तो उन्हाळ्यात राब भाजतानाचा धूर. भाताचा तरवा टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळे पसरून पेटवतात. यातला कार्बन नुकताच झाडांनी हवेतून घेतलेला; पाला पुन्हा फुटला की तो बराचसा परत जातो. त्यामुळे धुराला मिळणारा दोष काहीसा जास्तच आहे. मिथेनचे खरे काम धुराविना चालते. चिखलणी झालेल्या, पाणी साचलेल्या खाचरात प्राणवायू पोचत नाही; तेथील सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो भाताच्या पोकळ काडातून वर निघतो. भांगलताना पाय रुतला की बुडबुडे येतात, त्यांतही तो असतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, मात्र साधारण बारा वर्षांतच विरतो. खाचरातले पाणी अधूनमधून सोडावे, हा सल्ला कालव्याच्या भातास ठीक. जावळीच्या आषाढात ते कोणाच्या हाती? गोठ्यातल्या म्हशींच्या रवंथातूनही मिथेनच बाहेर पडतो. कण्हेर धरणाखालच्या ऊसपट्ट्यात युरियामुळे नायट्रस ऑक्साइडची भर पडते.

बामणोली-तापोळ्यापर्यंत पसरलेल्या शिवसागर जलाशयावर कोयनेची वीज कोळशाविना होते. तरी बुडालेल्या झाडोऱ्यातून व गाळातून जलाशयही थोडाफार मिथेन सोडतात, हे जमेस धरावे लागते.

तापमान 1° से.ने वाढले की हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. घाटमाथ्यावरच्या अतिवृष्टीचा या वायूंशी संबंध जोडला जातो तो यामुळे.

पुण्याजवळ सिंहगडावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतर्फे 2009 पासून, तर गोव्यात काबो द राम येथे 1993 पासून काही वर्षे हवेचे नमुने घेऊन या वायूंचे मापन झाले. पावसाळी वारा समुद्रावरून कमी मिथेनची हवा आणतो, हिवाळ्यात जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिथेन वाढतो.