मुळशी आणि मदिना

मुळशीच्या जलाशयाखाली मावळ्यांची शेते व घरे गेली. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण मात्र झालेच. वीज मुंबईला गेली, मावळ्यांची गावे सुटली. १८९४च्या भूसंपादन कायद्यात मोबदला होता, पुनर्वसन नव्हते.

घर सुटण्याचे दुःख इस्लामच्या इतिहासालाही ठाऊक आहे. मक्केतील छळामुळे इ.स. ६२२ मध्ये हजरत पैगंबर (स.) व त्यांचे साथी हिजरत करून मदिनेस आले. पैगंबरांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला. हजरत साद बिन रबी यांनी आपली निम्मी मालमत्ता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली, फक्त बाजाराची वाट विचारली आणि व्यापार करून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले.

एकाचे औदार्य, दुसऱ्याचा स्वाभिमान. चांगला समाज या दोहोंवर उभा राहतो. २०१३च्या कायद्याने विस्थापितांना पुनर्वसनाचा हक्क दिला. पण भाईचारा कायद्याने मिळत नाही. आमच्या मोहल्ल्यात, आमच्या वर्गात परगावाहून कुणी येते, तेव्हा आम्ही त्याचे अन्सार होतो काय? हिजरतीचा धडा मुलांना शिकवण्यापूर्वी आम्ही याचे उत्तर दिले पाहिजे.