तह झाल्यावर सैनिकांचे काय होते? ‘बर्सर्क’ आणि मध्ययुगीन युरोपातील भाडोत्री फौजा

१/
ऑक्टोबर १९९७ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर ‘बर्सर्क’ ही २५ भागांची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. केंतारो मिउरा यांच्या १९८९ पासून प्रसिद्ध होत असलेल्या मांगावर ती आधारलेली होती. राक्षस आणि शापांमुळे तिची गणना डार्क फँटसीत होते. तरीही तिचा बहुतेक भाग पैशासाठी लढणाऱ्या माणसांनी व्यापलेला आहे. या माणसांना इतिहासात खरे पूर्वज आहेत. हा थ्रेड त्या पूर्वजांविषयी. (कथानकातील महत्त्वाचे प्रसंग पुढे उघड होतात.)

२/
कथेची चौकट अशी : मिडलंड आणि चूडर या दोन राज्यांत शंभर वर्षे युद्ध चालू आहे. भाडोत्री सैनिकांच्या तळावर वाढलेला गट्स हा तरुण ‘बँड ऑफ द हॉक’ या पथकात येतो. पथकाचा नायक ग्रिफिथ सामान्य कुळात जन्मलेला आहे, पण त्याला स्वतःचे राज्य हवे आहे. कास्का ही त्याची विश्वासू सेनानी. हे पथक एकामागून एक लढाया जिंकते, डोल्ड्रेचा अभेद्य किल्ला घेते आणि युद्ध संपते.

३/
पथकाच्या विनाशाची सुरुवात मात्र विजयानंतर होते. गट्स पथक सोडून जातो, ग्रिफिथ तुरुंगात पडतो आणि काल सन्मानित झालेले सैनिक आज राजद्रोही ठरतात. ज्या राज्यासाठी त्यांनी रक्त सांडले, त्याच राज्याची फौज त्यांची शिकार करू लागते. हा कथाकाराच्या कल्पनेचा खेळ वाटू शकतो. चौदाव्या शतकातील फ्रान्समध्ये मात्र तह आणि सर्वनाश यांचे नाते असेच जवळचे होते.

४/
‘बर्सर्क’ हे नाव प्राचीन नॉर्स भाषेतील आहे; रणोन्मादात लढणाऱ्या योद्ध्यांसाठी तो शब्द वापरला जाई. मालिकेचे जग मात्र व्हायकिंगांचे नाही. संपूर्ण पोलादी चिलखते, तोफा, भव्य दरबार आणि वेतनावर लढणारी पथके यांवरून ते साधारण चौदाव्या ते सोळाव्या शतकातील पश्चिम युरोपाचे मिश्रण आहे, हे सहज ओळखता येते. ‘शंभर वर्षांचे युद्ध’ म्हटल्यावर इतिहासाच्या वाचकाला इंग्लंड आणि फ्रान्स आठवणारच.

५/
ते युद्ध १३३७ मध्ये सुरू झाले. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जाँ शत्रूच्या हाती सापडला. १३६० मध्ये ब्रेतिन्यीचा तह झाला. राजाच्या सुटकेसाठी ३० लाख सुवर्ण एक्यू एवढी खंडणी ठरली आणि इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या तुकड्यांना फ्रान्समधील किल्ले रिकामे करण्याचे आदेश निघाले. कागदावर शांतता प्रस्थापित झाली.

६/
या तुकड्यांतील हजारो माणसांना लढण्याखेरीज दुसरा व्यवसाय नव्हता. वेतन थांबले. घरी परतून कसावी अशी जमीन अनेकांपाशी नव्हती. इंग्रज, गास्कन, ब्रेतन, जर्मन अशा नाना देशींच्या या सैनिकांनी मग आपापले नायक निवडले आणि स्वतंत्र कंपन्या उभारल्या. इतिहासात त्या ‘मुक्त कंपन्या’ म्हणून ओळखल्या जातात. त्या कोणत्याही राजाशी बांधील नव्हत्या, एवढाच त्या ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ.

७/
डिसेंबर १३६० च्या अखेरीस अशाच एका मोठ्या जमावाने ऱ्होन नदीवरील पाँ-सँ-एस्प्री हे ठाणे रात्रीच्या छाप्यात काबीज केले. तेथून नदीच्या खालच्या बाजूस आव्हिन्यों होते आणि त्या काळी पोप तेथेच राहत असे. सहावा इनोसंट याने या लुटारूंविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. अखेरीस पैसे देऊन त्यांतील काहींना इटलीकडे रवाना करावे लागले.

८/
या फौजांना विस्कळीत दरोडेखोर समजण्याची चूक फ्रान्सच्या राजसत्तेला महागात पडली. ६ एप्रिल १३६२ रोजी लियाँजवळ ब्रिन्ये येथे मुक्त कंपन्यांनी राजाच्या सैन्याचा पराभव केला. सेनापती जाक द बूरबाँ जखमी होऊन मरण पावला. ग्रिफिथचे पथक सरदारांच्या फौजांना धूळ चारते, तेव्हा दरबाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आणि चीड दिसते, तिचे मूळ अशा प्रसंगांत शोधता येते.

९/
इटलीकडे गेलेल्यांत ‘व्हाइट कंपनी’ हे पथक होते. पुढे त्याचा नायक झाला जॉन हॉकवुड, इंग्लंडमधील एसेक्स परगण्याचा. पथकाला ‘श्वेत’ हे नाव लखलखीत घासलेल्या चिलखतांमुळे मिळाले, असे सांगितले जाते. त्यांच्या रचनेचे एकक तीन माणसांचे असे : एक चिलखतधारी स्वार, त्याचा शस्त्रधारी साथीदार आणि एक पोऱ्या. लढताना ते बहुधा घोड्यांवरून उतरून पायी लढत. इटलीला ही पद्धत नवी होती.

१०/
इटलीत भाडोत्री लष्कर हा रीतसर व्यवसाय बनला. नगरराज्य आणि सेनानी यांच्यात होणाऱ्या कराराला ‘कोंदोत्ता’ म्हणत. त्यावरूनच ‘कोंदोत्तिएरे’ हा शब्द आला. करारात माणसांची संख्या, वेतन आणि मुदत नमूद असे. घोड्यांची वर्णनासह नोंद होई, म्हणजे घोडा मेल्यास भरपाई मागता येई. पथकांना कारकून आणि खजिनदार लागत. पडद्यावर तलवारी दिसतात. प्रत्यक्षात पथक टिके ते हिशेबाच्या वह्यांवर.

११/
या व्यवहाराची काळी बाजू करारातच दडलेली होती. लढण्यासाठी पैसे मिळत, तसे न लढण्यासाठीही मिळत. १३७५ मध्ये हॉकवुडच्या फौजेने आपल्या मुलखावर चालून येऊ नये म्हणून फ्लॉरेन्सने तिला १,३०,००० फ्लोरिन मोजले. पुढे त्याच फ्लॉरेन्सने हॉकवुडला चाकरीत घेतले आणि तो त्या नगराचा प्रमुख रक्षक ठरला. कालचा खंडणीखोर उद्याचा तारणहार होण्यास नवा करार पुरेसा असे.

१२/
दरम्यान फेब्रुवारी १३७७ मध्ये चेझेना येथे भीषण हत्याकांड घडले. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल रॉबर्ट ऑफ जिनीव्हा याच्या आदेशाने ब्रेतन सैनिक आणि हॉकवुडची माणसे नगरवासीयांवर तुटून पडली. हजारो लोक मारले गेले. पुढच्याच वर्षी हा कार्डिनल सातवा क्लेमंट या नावाने पोपपदाचा दावेदार बनला आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये प्रदीर्घ फूट पडली.

१३/
आता ग्रिफिथच्या स्वप्नाकडे वळू. सामान्य सैनिकाने राज्य मिळवणे शक्य होते काय? फ्रांचेस्को स्फोर्झाचे चरित्र होकारार्थी उत्तर देते. एका कोंदोत्तिएरेचा हा अनौरस पुत्र १४०१ मध्ये जन्मला. १४४१ मध्ये त्याने मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती याची मुलगी बियांका मारिया हिच्याशी विवाह केला. १४४७ मध्ये ड्यूक वारला आणि नगराने स्वतःला प्रजासत्ताक घोषित केले. स्फोर्झाने प्रथम त्याची चाकरी पत्करली आणि नंतर त्यालाच वेढा घातला. १४५० मध्ये उपासमारीने टेकीला आलेल्या मिलानमध्ये तो ड्यूक म्हणून शिरला.

१४/
ग्रिफिथची कथा मात्र दुसऱ्या एका माणसाच्या अधिक जवळ जाते. तोरिनोजवळच्या कार्मान्योला गावचा फ्रांचेस्को बुस्सोने सामान्य घरातून वर आला आणि व्हिस्कोंतीचा सर्वांत यशस्वी सेनानी बनला. पुढे धन्याशी बिनसले आणि १४२५ मध्ये तो व्हेनिसकडे गेला. ऑक्टोबर १४२७ मध्ये माक्लोदिओ येथे त्याने व्हेनिसला मोठा विजय मिळवून दिला.

१५/
विजयानंतर त्याने शत्रूचे बहुतेक कैदी सोडून दिले. सैनिकी व्यवसायात ही रीत होती; व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना ती संशयास्पद वाटली. पुढच्या मोहिमा रेंगाळल्या, तसा संशय वाढला. १४३२ मध्ये सल्लामसलतीसाठी म्हणून त्याला सन्मानाने बोलावून घेण्यात आले आणि तेथेच अटक झाली. त्याचा छळ झाला आणि ५ मे रोजी तोंडात बोळा कोंबून, भर चौकात त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

१६/
मालिकेत तुरुंगातील ग्रिफिथची जीभ कापलेली असते. कार्मान्योलाचा प्रसंग मिउरा यांच्यासमोर होता, असा दावा करण्याचे कारण नाही. साम्य आहे ते सत्तेच्या वागणुकीत. कुळ आणि जमीन नसलेला विजयी सेनानी युद्धात अमूल्य असतो आणि शांततेत धोकादायक. त्याचा बंदोबस्त करताना त्याला बोलू न देणेच राज्यकर्त्यांना सोयीचे वाटते.

१७/
थोडे गट्सविषयी. त्याच्या तलवारीसारखी लोखंडाची लाट खऱ्या रणांगणावर कोणी फिरवत नव्हते. सोळाव्या शतकातील दोन हातांनी चालवायच्या लढाऊ तलवारींचे वजन साधारण २ ते ४ किलो असे. त्याहून जड तलवारी मिरवणुकीसाठी असत. त्याच्या कृत्रिम हाताला मात्र ऐतिहासिक जोड आहे. १५०४ मध्ये लांड्सहूटच्या वेढ्यात ग्योट्झ फॉन बर्लिशिंगेन या जर्मन योद्ध्याने तोफेच्या माऱ्यात उजवा हात गमावला. त्याने लोखंडी हात बनवून घेतला आणि नंतरही अनेक वर्षे तो लढत राहिला. तो हात आजही यागस्टहाउझेन येथे जतन केलेला आहे.

१८/
आता मूळ प्रश्न. बेकार सैनिकांचे राज्यकर्त्यांनी काय केले? पहिला उपाय : निर्यात. १३६६ मध्ये बर्त्राँ द्यू गेक्लाँ याने अनेक कंपन्यांना स्पेनमधील कास्तीयच्या वारसायुद्धात नेले. १४३५ च्या आरासच्या तहानंतर पुन्हा तेच घडले. रिकाम्या झालेल्या फौजांनी फ्रान्स असा लुटला, की लोक त्यांना ‘एकॉर्शर’ म्हणजे कातडी सोलणारे म्हणू लागले. १४४४ मध्ये राजपुत्र लुई त्यांना स्विस लोकांविरुद्ध घेऊन गेला. दूर देशात यांतील जितके मरतील तितके बरे, हा हिशेब फारसा लपलेला नव्हता.

१९/
दुसरा उपाय १४४५ मध्ये सातव्या शार्लने केला. त्याने या सैनिकांतून निवडक माणसे घेतली, प्रत्येकी १०० ‘लान्स’च्या १५ कंपन्या उभारल्या आणि उरलेल्यांना पांगवले. एका लान्समध्ये सहा माणसे : एक चिलखतधारी स्वार, दोन तिरंदाज आणि तीन साथीदार-सेवक. त्यांना नगरांत तैनात करून करांतून नियमित वेतन दिले जाऊ लागले. युरोपातील कायम फौजेच्या इतिहासात हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. लूट थांबली नाही, पण कमी झाली. त्या बदल्यात राजाला कायमचा कर आणि कायमची फौज मिळाली.

२०/
या साऱ्यात शेतकरी कुठे होता? प्रोव्हान्समधील धर्मगुरू ओनोरे बोने याने १३८७ च्या सुमारास ‘आर्ब्र दे बाताय’ हा युद्धनियमांवरील ग्रंथ लिहिला. नांगर चालवणारा शेतकरी आणि त्याचे बैल यांना युद्धात हात लावू नये, असा त्याचा आग्रह होता. एवढी उघड गोष्ट ग्रंथात मांडावी लागली, यावरूनच गावांची अवस्था कळते. ‘बर्सर्क’मधील लढायांच्या कडेला जळणारी घरे दिसतात, ती याच गावांची.

२१/
हॉकवुड १३९४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये मरण पावला. नगराने त्याला सन्मानाने निरोप दिला. १४३६ मध्ये पाओलो उच्चेल्लो याने तेथील कॅथेड्रलच्या भिंतीवर त्याचे अश्वारूढ चित्र रंगवले. संगमरवरी स्मारकाचा बेत होता. तुलनेने स्वस्त पडणाऱ्या भित्तिचित्रावर भागवण्यात आले. आजही पर्यटक मान उंचावून त्या स्वाराकडे पाहतात. तेथे चेझेनाचा उल्लेख नाही.

२२/
‘बर्सर्क’ पाहताना ग्रिफिथच्या शुभ्र चिलखताचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मिउरा यांनी ते तसेच रेखाटले आहे. पण ग्रहणाच्या प्रसंगी तोच नायक स्वप्नासाठी आपल्याच माणसांचा बळी देतो आणि त्या शुभ्रतेची किंमत दाखवतो. मुक्त कंपन्यांच्या काळात ती किंमत चेझेनाच्या नगरवासीयांनी, उपाशी मिलानने आणि फ्रान्समधील निनावी खेड्यांनी मोजली.

२३/
मिउरा ६ मे २०२१ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी गेले. त्यांची कथा आता त्यांचे स्नेही कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांचे सहकारी पुढे नेत आहेत. मालिका पुन्हा पाहिली तर डोल्ड्रेच्या विजयानंतरचे भाग सावकाश पाहावेत. दरबारात मेजवानी चालू आहे, तह झाला आहे आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या शेकडो सैनिकांना उद्यापासून काम नाही. १३६० मध्ये फ्रान्समध्ये हेच घडले होते.

#इतिहास #मध्ययुग #बर्सर्क