उधळलेल्या पोरी

ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला हॉकीच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्या मुलींना शूटआउटमध्ये हरवलं. सविता पुनियाने पहिला प्रयत्न अडवला होता, पण घड्याळच सुरू झालं नव्हतं, म्हणून तो पुन्हा घ्यायला लावला आणि दुसऱ्यांदा गोल झाला. त्या रागापोटी मी अंतिम सामना बघायला बसले. ऑस्ट्रेलिया हरावी, एवढीच इच्छा होती. इंग्लंडने २-१ असा विजय मिळवला, महिला हॉकीतलं राष्ट्रकुलचं त्यांचं पहिलंच सुवर्ण. एक गोल हॉली हंटचा, दुसरा टेस हॉवर्डचा.

हॉवर्डचं नाव माझ्या लक्षात राहिलं ते मात्र पुढच्या वर्षीच्या एका बातमीमुळे. डरहॅम विद्यापीठात शिकताना तिने खेळाच्या गणवेशावर संशोधन केलं होतं, ते २०२३ मध्ये एका अभ्यासपत्रिकेत प्रसिद्ध झालं. इंग्लंडमधल्या मुली शाळेतला खेळ मध्येच का सोडतात, असा तिचा प्रश्न होता. तिने विचारलेल्या बायकांपैकी ७० टक्के जणींनी सांगितलं, की गणवेश आणि त्यातून येणारा शरीराचा संकोच यांमुळे मुलींनी खेळ सोडल्याची उदाहरणं त्यांनी पाहिली आहेत. हॉकीत हा गणवेश म्हणजे स्कर्ट, किंवा आत चड्डी शिवलेला स्कॉर्ट. संघातल्या सगळ्याजणींनी एकसारखंच घालायचं, असा नियम. हॉवर्डचं म्हणणं साधं होतं: जिला स्कॉर्ट हवा तिने स्कॉर्ट घालावा, जिला शॉर्ट्स हवी तिने शॉर्ट्स. इंग्लंडच्या हॉकी संघटनेने त्याच वर्षी नियम बदलला.

ती बातमी वाचून मला माझ्या शाळेतली लेफ्ट विंग आठवली. तिचं नाव इथे सांगत नाही. आम्ही कॉन्व्हेंटच्या मुली, चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालून खेळायचो. हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे. चेंडू काठीला चिकटवून पळायचं तर कंबर आणि गुडघे दोन्ही वाकवावे लागतात, पेनल्टी कॉर्नर अडवताना तर जवळजवळ बसावंच लागतं. आंतरशालेय सामन्यांना गोलपोस्टमागे मुलगे उभे राहायचे, आणि ते हॉकी बघायला आलेले नाहीत हे आम्हाला कळायचं. नववीत तिने ट्रॅकपँट घालू देण्याची परवानगी मागितली. युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म, असं उत्तर मिळालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मैदानावर आलीच नाही. आम्ही समजलो, अभ्यास वाढला असेल. खरं कारण तिने वीस वर्षांनी सांगितलं, तेही हसत हसत.

मग मी या स्कर्टचा माग काढू लागले आणि हॉकीच्या बरीच मागे, एका इंग्लिश बाईपाशी जाऊन पोचले. तिचं नाव मेरी वॉर्ड. हॉवर्ड तिच्या परंपरेतल्या शाळेत शिकली, असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोघींना जोडणारा धागा वेगळा आहे. मेरी वॉर्डच्या बायकांना त्यांच्या विरोधकांनी एक शिवी दिली होती. मराठीत आणायची तर ‘उधळलेल्या पोरी’.

मेरीचा जन्म १५८५ चा, यॉर्कशरमधला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं हाच मोठा धोका होता. धर्मगुरूला आसरा दिला तर फाशी होऊ शकत असे. १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटात मेरीचे दोन मामा होते आणि दोघेही मारले गेले. कॅथलिक घरातल्या मुलीला शिकायचं किंवा संन्यास घ्यायचा तर समुद्र ओलांडून जावं लागे. मेरीही गेली. पण तिकडच्या मठांचा नियम असा, की जोगिणीने एकदा आत पाऊल टाकलं की बाहेर यायचं नाही. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आणि त्यानंतर पोपने हा बंदिवास सक्तीचा करून ठेवला होता. मेरीने १६०९ पासून मैत्रिणी जमवून मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि जेझुइट पुरुषांना जी मुभा होती तीच आपल्या संस्थेसाठी मागितली. भिंत नको, ठरीव झगा नको, स्थानिक बिशपची हुकमत नको. जिथे गरज असेल तिथे जाता यावं.

ती मागायला ती १६२१ मध्ये रोमला निघाली. साधारण दोन महिन्यांचा तो प्रवास तिने बहुतांश पायी केला, ऐन थंडीत आल्प्स ओलांडला आणि नाताळच्या आदल्या दिवशी ती रोममध्ये पोचली. तिथे दहा वर्षं अर्जविनंत्या चालल्या. १६३१ मध्ये आठव्या अर्बन पोपने तिची संस्था मुळासकट उपटून टाकण्याचा हुकूम काढला. या बायका मठाच्या भिंतीचा नियम न पाळता वाटेल तिकडे मोकळ्या हिंडतात आणि आपल्या नाजूक जातीला न शोभणारी कामं अंगावर घेतात, असा त्यातला आरोप होता. मुलींना शिकवणं हा गुन्हा ठरवलेला नव्हता. हिंडणं हा होता.

मेरीला म्युनिकच्या एका मठात कोंडण्यात आलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. सामान गुंडाळलेल्या कागदावर रसाची अक्षरं दिसत नाहीत, कागद आचेजवळ धरला की उमटतात. तिच्या सोबतिणी बाहेर ते कागद शेकून वाचत. काही आठवड्यांनी ती सुटली, पुढे इंग्लंडला परतली आणि १६४५ मध्ये यॉर्कजवळ वारली. तेव्हा देशात यादवी चालू होती.

यॉर्कच्या वेशीबाहेर आज जे बार कॉन्व्हेंट उभं आहे, ते तिच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी सुरू झालं. सर थॉमस गॅस्कॉइन नावाच्या कॅथलिक जमीनदाराने ‘आमच्या मुलींना शाळा हवी’ म्हणून ४५० पौंड दिले होते. १६८६ मध्ये फ्रान्सेस बेडिंगफील्ड या मेरीच्या परंपरेतल्या बाईने मिकलगेट बार या वेशीलगत जागा घेतली. राजद्रोह्यांची मुंडकी टांगायची वेस ती हीच. बेडिंगफील्डबाईंनी ‘मिसेस लाँग’ असं टोपणनाव घेतलं होतं. शाळेतल्या जोगिणी झगा घालत नसत. साध्या करड्या रंगाचा, त्या काळच्या कुठल्याही गृहिणीसारखा पोशाख घालत. बाहेरून बघणाऱ्याला ती मुलींची खासगी शाळा वाटायची. १७६९ मध्ये त्यांनी आत देखणं प्रार्थनागृह बांधलं, त्याला घुमटही केला, आणि तो रस्त्यावरून दिसू नये म्हणून त्यावर साधं उतरतं छप्पर घातलं. धाड पडलीच तर पळता यावं म्हणून त्या प्रार्थनागृहाला आठ दरवाजे ठेवले. जमिनीखाली धर्मगुरूला लपायला जागाही आहे.

हे वाचताना मला सगळ्यात विलक्षण वाटला तो करडा पोशाख. मेरी वॉर्डला ज्या कारणाने शिक्षा झाली, त्याच कारणाने तिच्या वारसदारणी तगून राहिल्या. त्यांचं कापड त्यांना ओळखू देत नव्हतं, म्हणून त्यांना शिकवता आलं, रस्त्यावरून चालता आलं. १६९९ मध्ये त्यांनी गावातल्या गरीब मुलींसाठी मोफत शाळाही सुरू केली.

कॅथलिकांवरचे निर्बंध पुढे सैलावले, तशा या शाळा उघडपणे नांदू लागल्या आणि जगभर गेल्या. बार कॉन्व्हेंटमध्येच शिकलेल्या आणि तिथेच दीक्षा घेतलेल्या टेरेसा बॉलने आयर्लंडमध्ये लोरेटोची शाखा काढली. त्या शाखेच्या जोगिणी १८४१ च्या शेवटी कोलकात्याला आल्या. आपल्याकडच्या ‘कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ या शब्दप्रयोगाची एक मुळी अशी यॉर्कच्या वेशीपर्यंत जाते. पण वाटेत झगा आला होता आणि भिंतही आली होती. लोरेटोच्या कोलकात्यातल्या जोगिणी भिंतीआडच राहत. मदर तेरेसा त्यांच्यातल्याच एक. त्यांना १९४८ मध्ये भिंतीबाहेर राहायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी झगा उतरवून निळ्या काठांची पांढरी सुती साडी घेतली. रस्त्यावर काम करायचं तर रस्त्यावरचं कापड हवं, ही मिसेस लाँगचीच युक्ती.

तिकडे इंग्लंडच्या शाळांत हॉकी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मुलींची महाविद्यालयं आणि शाळा यांत ती झपाट्याने पसरली. १८९५ मध्ये बायकांनी पुरुषांच्या हॉकी संघटनेकडे संलग्नता मागितली, तेव्हा नकार मिळाला. त्यांनी आपली संघटना काढली आणि तिचे पदाधिकारी फक्त बायकाच असतील असं ठरवून टाकलं. पण तिच्या सुरुवातीच्या नियमांत एक नियम स्कर्टचा होता: जमिनीपासून सहा इंच वर. आज तो हास्यास्पद वाटतो, पण त्या काळी घोळ जमिनीवर लोळत असताना सहा इंच ही मोठी मजल होती. त्याच दशकात व्यायामशिक्षिका घडवणाऱ्या मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्गच्या महाविद्यालयात मेरी टेट नावाच्या विद्यार्थिनीने बिनबाह्यांचा, चुण्यांचा, कमरेला पट्टा बांधायचा जिमस्लिप तयार केला, असं मानलं जातं. तोही मुलींना पळता यावं म्हणूनच.

इथे या गोष्टीला पेच पडतो. मोकळं पळण्यासाठी शिवलेला जिमस्लिप दोन पिढ्यांत शाळेची शिस्त दाखवणारा गणवेश झाला, आणि त्याची लांबी मोजायला बाई फूटपट्टी घेऊन उभ्या राहिल्या. स्कर्टचंही तेच झालं. जे कापड एकेकाळी मुलीला मैदानावर घेऊन गेलं, त्याच्यापायीच पुढच्या काळातली मुलगी मैदान सोडून गेली. कापडाचा दोष नाही. ते कोण निवडतं हा प्रश्न आहे. करडा पोशाख बेडिंगफील्डबाईंनी स्वतः निवडला होता. माझ्या मैत्रिणीचा स्कर्ट तिने निवडलेला नव्हता.

उशिराचा हिशेबही दोन्हीकडे सारखाच दिसतो. मुलींना शिकवायचं आणि खेळवायचं यावर समाज हळूहळू राजी होतो. त्यांना मान्यता द्यायची वेळ आली की कागद पुढे सरकत नाही. मेरी वॉर्ड ही आपल्या संस्थेची संस्थापक आहे, हे रोमने मान्य केलं १९०९ मध्ये. तोपर्यंत संस्थेच्या शाळांत तिचं नाव संस्थापक म्हणून घ्यायला बंदी होती. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९०८ मध्ये, बायकांची १९८०मध्ये. मधल्या काळात हा खेळ झोपला नव्हता. १९५१ पासून इंग्लंडच्या महिला संघाचा सामना वेम्ब्ली स्टेडियमवर होऊ लागला आणि शाळाशाळांतून बसगाड्या भरभरून मुली तो बघायला येत. त्यांच्या किंचाळण्यासाठी ते सामने प्रसिद्ध होते. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मैदानांपैकी एकावर हजारो शाळकरी मुली बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या, आणि ऑलिंपिकच्या दप्तरी मात्र महिला हॉकी नावाची गोष्टच नव्हती. ब्रिटनच्या मुलींना सुवर्ण मिळायला २०१६ चं रिओ उजाडलं.

बार कॉन्व्हेंटची शाळा १९८५ मध्ये शहरातल्या इतर कॅथलिक शाळांमध्ये मिसळली आणि आता तिथे मुलगे-मुली एकत्र शिकतात. कॉन्व्हेंट मात्र अजून आहे. इंग्लंडमधलं सर्वांत जुनं नांदतं कॉन्व्हेंट म्हणून त्याची ओळख आहे आणि वास्तूत संग्रहालयही आहे. लपवलेला घुमट बघायला आता कुणीही जाऊ शकतं.

हॉवर्डच्या नियमबदलाची बातमी मी त्या लेफ्ट विंगला पाठवली होती. तिची मुलगी आता बारा वर्षांची आहे, फुटबॉल खेळते. अर्ध्या तासाने उत्तर आलं. मुलीच्या सरावाचा फोटो होता, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात मोठ्या भावाची जुनी शॉर्ट्स. खाली लिहिलं होतं, “ही विचारतच नाही गं कुणाला.”