श्वानांचा तोलभंग : गृहशुश्रूषा

कुत्र्याची मान एकाएकी एका कुशीला कलणे, बुबुळे सतत थरथरत राहणे, उठू जाता त्याच कुशीवर कोसळणे अथवा एका जागी गोल फिरणे, आणि या सर्वांच्या जोडीला ओकारी व अन्नावरची वासना उडणे, ही ज्या विकाराची लक्षणे, त्याचे मूळ बहुधा आंतरकर्णात असते. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांना लागून असलेल्या दोन पिशव्या मस्तकाच्या प्रत्येक हालचालीची वर्दी आठव्या मस्तिष्क-तंत्रिकेमार्फत मेंदूस पोहोचवितात. एका कानाकडची वर्दी खंडित झाली, म्हणजे प्राणी जागच्या जागी असूनही आपण गरगरत आहोत असेच त्यास भासते.

म्हाताऱ्या कुत्र्यांत या झटक्याचे कारण पुष्कळदा सापडतच नाही. इतरांत कानातला जुना पू, जेंटामायसिनच्या जातीची औषधे, मेट्रोनिडॅझोलची अतिमात्रा, डोक्यास मार किंवा डिस्टेंपर यांपैकी काही आढळते. घरोघर मात्र याला सरसकट ‘लकवा मारला’ म्हणतात आणि पहिल्याच दिवशी जनावराची आशा सोडतात. हा उतावीळपणा विकारापेक्षा अधिक घातक होय, कारण ज्याचे मूळ सापडत नाही असा झटका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत तीव्र असून तिसऱ्या दिवसापासून बहुधा ओसरू लागतो व दोन-तीन आठवड्यांत कुत्रे पुन्हा हिंडूफिरू लागते.

शुश्रूषेस हात घालण्यापूर्वी एका शंकेचे निरसन अवश्य करावे. जबडा लोंबणे, लाळ गळणे, आवाज बदलणे, पाणी न गिळता येणे अथवा स्वभाव पालटणे यांपैकी काही तोल जाण्याबरोबर दिसल्यास ती रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडात ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून हात घालू नये. त्यास दुरूनच बंदिस्त करून पशुवैद्यकीय दवाखान्यात इत्तला द्यावी. चावा झाला अथवा जखमेस लाळ लागली असल्यास ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लशीसाठी विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे.

परिचर्येत स्थानाचा विचार औषधाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठी नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठच्या मणिबेलीचे उदाहरण उद्बोधक ठरावे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातून प्रथम गेलेले हे गाव; जिल्हा तेव्हा धुळे होता. जुनी वस्ती बुडाल्यावर जे मागे राहिले त्यांनी वरच्या उतारावर घरे बांधली, आणि जलाशयाची पातळी उतरली, की काठावर गाळ उघडा पडतो. धड कुत्र्यास यात काही विशेष नाही. परंतु ज्याचा तोल गेला ते उतारावरून घरंगळते, गाळात रुतते, आणि पाण्यात पडलेच तर वर-खाली कोणते याचा अंदाज न आल्यामुळे पोहता येत असूनही बुडते. म्हणून पहिला बंदोबस्त हा, की त्यास घरातील सपाट जागी ठेवून दारास आडवा बांबू घालावा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पंजा ठरतो. शहरातील गुळगुळीत फरशीपेक्षा ती केव्हाही श्रेयस्कर, आणि फरशीच असेल तर गोणपाट अंथरावे.

रोग्यास आडवे टाकून न ठेवता छातीवर बसते करावे व दोन्ही कुशींना गुंडाळलेल्या गोधड्यांचा आधार द्यावा. अन्नपाणी मस्तक वर धरून, थोडथोडे, हातानेच द्यावे. पडल्या अंगाने पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. उठता येत नसल्यास दर दोन-चार तासांनी कूस बदलावी, ओले अंथरूण लगेच काढावे, अन्यथा कोपर व खुबे सोलवटतात. बाहेर नेताना पोटाखालून पंचा घालून दोन्ही टोके वर धरावीत. उचलून घेतल्याने भोवळ वाढते. जवळ जाताना समोरून, हाक देत जावे. रात्री दिवा तेवत ठेवावा, कारण कानाने दगा दिल्यावर तोल सांभाळण्याचे पुष्कळसे काम डोळ्यांवर येते. कानात कोमट तेल ओतण्याचा रिवाज सर्वथा त्याज्य. पडदा फुटलेला असल्यास त्याने नुकसानच होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत.

मणिबेलीसारख्या ठिकाणाहून नावेने न्यावयाचे झाल्यास निघण्यापूर्वी काही तास पोट रिकामे ठेवावे आणि कुत्रे खोलगट टोपलीत गोधड्यांनी पक्के बसवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी राज्यात १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तीन दिवसांत सुधारणेचे चिन्ह नसणे, बुबुळे आडवी न हलता वर-खाली हलणे, एका बाजूचे पाय लुळे पडणे किंवा शुद्ध मंदावणे ही दोष मेंदूत असल्याची चिन्हे असू शकतात, व अशा वेळी घरच्या शुश्रूषेवर विसंबू नये. बरे झालेल्या कुत्र्याची मान कित्येकदा जन्मभर तिरकी राहते; त्याने राखणीस अडचण येत नाही, मात्र पुढे झटका पुन्हा येऊ शकतो, सबब अशा कुत्र्यास पाण्याच्या काठी मोकळे सोडू नये.