कोपराचे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर : ऑपरेशननंतर हात किती चालतो?

जोयडा तालुक्यात सुपारीच्या झाडावरून किंवा दुचाकीवरून पडून कोपर मोडले, की मोठ्या ऑपरेशनसाठी बेळगाव, हुबळी, कारवार किंवा गोव्यात बांबोळीला जावे लागते. टाके निघाले, माणूस घरी आला, की उपचार संपले असे घरच्यांना वाटते. खरे तर हात चालणार की नाही, हे पुढच्या काही आठवड्यांत ठरते.

कोपरात तीन हाडे मिळतात: दंडाचे एक, पुढच्या हाताची दोन. सांध्यातच तुकडे झाले, किंवा कोपर निखळून सोबत हाडेही मोडली, तर ते गुंतागुंतीचे फ्रॅक्चर. प्लेट, स्क्रू, तारा घालून ते जोडतात. पण कोपर हा लवकर आखडणारा सांधा. तीन आठवड्यांहून जास्त काळ प्लास्टरमध्ये राहिला, तर भोवतीचे आवरण जाड होते आणि हात वाकेनासा होतो. म्हणून जोडणी पक्की असेल, तर डॉक्टर थोड्याच दिवसांत हालचाल सुरू करायला सांगतात.

ती रुग्णाने स्वतः करायची, दिवसातून अनेकदा, थोडी थोडी. फिजिओथेरपीसाठी रोज बसने शहर गाठणे जंगलातल्या वाड्यांना जमणारे नाही. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळीच व्यायाम नीट शिकून घ्यावा, जमल्यास मोबाईलवर व्हिडिओ काढून आणावा. तेल चोळून कुणी हात जोराने ओढत असेल, तर मात्र ओढू देऊ नये. त्याने स्नायूत नको तिथे हाड तयार होण्याची भीती असते, मग राहिलेली हालचालही जाते.

निरोगी कोपर सरळ म्हणजे 0 अंशापासून सुमारे 140 अंशांपर्यंत वाकते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1981 मध्ये दाखवले, की रोजची बहुतेक कामे 30 ते 130 अंशांत भागतात. हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही तरी घास तोंडापर्यंत पोचतो, तेव्हा त्यासाठी जीव टाकायला नको. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढे वर्षभर हळूहळू चालू राहते.

त्याच क्लिनिकच्या नावाची 100 गुणांची मोजपट्टी जगभर वापरतात. दुखणे 45, हालचाल 20, स्थिरता 10 आणि रोजची कामे 25. ही कामे म्हणजे केस विंचरणे, जेवणे, स्वतःची स्वच्छता, सदरा घालणे, जोडे घालणे. कोयता चालवणे, झाडावर चढणे यात नाही! चांगले गुण मिळालेला हातही सुपारी काढायला पुरेल असे नाही, म्हणून आपण काय काम करतो ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत वजन उचलू नये. करंगळी बधिर झाली, तिला मुंग्या येऊ लागल्या, जखमेतून पू आला किंवा वाकणारा हात अचानक अडला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता इस्पितळ गाठावे.